स्लीप क्लिनिकचा अनुभव: झोप मागायला गेलो तर त्यांनी पलंगच काढून घेतला

आधीच सांगून टाकतो, क्लिनिकचं नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी वाद घालायचा नाहीये, शिवाय हा रिव्ह्यू खरं तर त्या इमारतीचा नाहीच, आठ आठवड्यांच्या ट्रीटमेंटचा आहे. सीबीटी-आय म्हणतात तिला, निद्रानाशासाठीची खास कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे गोळ्यांऐवजी विचार आणि सवयी बदलून करायचा उपचार. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कुठे कापला ते येईलच पुढे.

माझी केस अशी की दीड वर्षापूर्वी ऑफिसात एक प्रोजेक्ट अंगावर आला, रात्री-अपरात्री कॉल, डोकं सतत चालू, झोप उडाली. प्रोजेक्ट संपला पण झोप काही परत आली नाही. दहाला आडवा व्हायचो, बारा वाजायचे तरी टक्क जागा, मग कधीतरी डोळा लागायचा आणि अडीच-तीनला परत जाग, आणि मग कूस बदलत बदलत सात वाजवायचे. सुट्टीच्या दिवशी अजून थोडं लोळायचं, भरपाई म्हणून. उशी बदलली, गादी बदलली, जाड पडदे लावले, दुपारनंतरची कॉफी बंद केली, मनगटावर झोप मोजणारं घड्याळ बांधलं. आणि लाज वाटते सांगायला, पण आई बरीच वर्षं झोपेची गोळी घेते, तिच्या पट्टीतली अर्धी अर्धी गोळी मी पण घ्यायला लागलो होतो, आठवड्यातून दोन-तीनदा, तिला न सांगता.

क्लिनिकमध्ये गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं की ती रात्रभर वायरी लावून करतात ना, ती स्लीप स्टडी, ती करून घ्यायची. डोक्याला इलेक्ट्रोड, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायाला, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. म्हटलं एकदा मशीनमधून कळू दे काय बिघडलंय. डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हाला ती टेस्ट नकोय. मी जवळजवळ भांडलोच. त्यांचं म्हणणं, निद्रानाशाचं निदान मुख्यतः नीट प्रश्न विचारूनच होतं, ती टेस्ट कधी करायची तर झोपेत श्वास अडकत असेल किंवा पाय झटकले जात असतील असा संशय असेल तर, नाहीतर गोळ्या-थेरपी करूनही फरक पडत नसेल तर. आणि माझ्यासारखा माणूस अनोळखी खोलीत वायरींमध्ये झोपला नाही तर त्यातून नवीन काय कळणार, झोपत नाही हे तर मी स्वतःच सांगतोय.

मग प्रश्न सुरू झाले आणि ते पन्नास मिनिटं चालले. सगळ्यात जास्त पैसे वसूल मला इथे वाटले. घोरता का, घरच्यांनी कधी तुमचा श्वास मधेच थांबलेला बघितलाय का, सकाळी डोकं दुखतं का. संध्याकाळी बसल्यावर पायात वळवळ होते का, चालल्यावर बरं वाटतं का (याला मी ‘कधीकधी’ असं उत्तर दिलं म्हणून रक्तात फेरिटिन बघितलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ते ठीक निघालं). थायरॉइड, बाकी औषधं, मन उदास असतं का, कधी असं होतं का की दोन-दोन दिवस झोप नाही तरी अंगात भन्नाट एनर्जी. हा शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला, नंतर कळलं तो बायपोलर (मन कधी खूप उदास, कधी अति उत्साहात जातं तो आजार) आहे का ते बघायला होता, कारण पुढची ट्रीटमेंट तशा लोकांना धोक्याची ठरू शकते.

आणि एक प्रश्न मी विसरणार नाही. म्हणाल्या, तुम्हाला थकवा येतो की पेंग येते? मी म्हटलं एकच ना. नाही म्हणे. दुपारी संधी मिळाली, अंधार केला, आडवे झालात, तर झोप लागते? मी विचार केला तर अजिबात नाही, दिवसभर अंग मोडून आलेलं असतं पण डुलकी म्हणून लागत नाही. हाच फरक. श्वास अडकणाऱ्या लोकांना बऱ्याचदा बसल्या जागी पेंग येते, निद्रानाशवाला थकलेला असतो पण आतून ताणलेला. त्यासाठी एपवर्थ नावाचा आठ प्रश्नांचा कागद असतो, २४ पैकी मार्क, १० च्या वर गेलं तर जास्त पेंग समजतात, माझे आले ४. दुसरा कागद इन्सॉम्निया सिव्हिरिटी इंडेक्स, निद्रानाश किती तीव्र ते मोजणारा, सात प्रश्न, २८ पैकी, त्यात मी १९. १५ ते २१ म्हणजे मध्यम. मला उगाच वाईट वाटलं, एवढा त्रास काढला आणि नुसतं मध्यम!

निदान झालं क्रॉनिक इन्सॉम्निया, म्हणजे जुनाट निद्रानाश. आठवड्यात कमीत कमी तीन रात्री, कमीत कमी तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ आणि बरी जागा असूनही झोप नाही, आणि त्याचा दिवसा त्रास, ही त्याची व्याख्या. शेवटचं महत्त्वाचं आहे, कुणी पाच तास झोपून मस्त फिरत असेल तर त्याला हा आजार नाही.

मग कागदाची डायरी दिली. दोन आठवडे भरून आणा. ॲप नाही, साधा छापील तक्ता. मी आपला मन लावून भरला, पलंगावर १०:०५, झोप १२:२०, जाग २:१७, परत झोप ३:४८. दोन आठवड्यांनी थेरपिस्टसमोर ठेवला, हा मुलगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल, त्याने तक्ता बघितला आणि शांतपणे विचारलं, "सर, २:१७ हे तुम्हाला कसं कळलं?" घड्याळात बघून, अजून कसं. मग तो काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला, आणि मलाच कळलं. मी रात्रभर घड्याळ बघत होतो. प्रत्येक वेळी बघायचं, उरलेले तास मोजायचे, उद्याच्या मीटिंगचं काय होणार ते ठरवायचं, छाती धडधडायला लागायची. डायरी सकाळी उठून अंदाजाने भरायची असते. अंदाज चुकला तरी चालतो म्हणे.

मनगटावरचं घड्याळ पण त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये गेलं. ते रोज सकाळी सांगायचं डीप स्लीप ३८ मिनिटं, आणि मला तेवढं वाचूनच थकवा यायचा. या प्रकाराला २०१७ मध्ये काही संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नाव पण दिलंय, म्हणजे ट्रॅकरचे आकडे सुधारण्याच्या नादात झोप बिघडवून घेणारे लोक. ही घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात, मेंदूच्या लहरी काही मोजत नाहीत, आणि गपचूप जागं पडलेल्या माणसाला बऱ्याचदा झोपलेला समजतात. मी तर गपचूप पडण्यात एक्स्पर्ट झालो होतो.

आता मुख्य गोष्ट. डायरीचा हिशोब केला तर पलंगावर रोज सरासरी ९ तास, प्रत्यक्ष झोप साडेपाच. म्हणजे ६१ टक्के. याला स्लीप एफिशियन्सी म्हणतात, ८५ च्या वर असावी अशी अपेक्षा. मी म्हटलं बरोबर, म्हणजे मला अजून साडेतीन तास झोप हवीय. थेरपिस्ट म्हणाला, नाही, तुम्ही पलंगावर साडेतीन तास जास्त आहात. आजपासून साडेबाराला झोपायचं आणि सहाला उठायचं. रोज. सुट्टीला पण.

मला वाटलं मस्करी करतोय. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाला झोपायला कमी वेळ? पण हे आजचं नाही, आर्थर स्पीलमन नावाच्या संशोधकाने १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. लॉजिक असं की जितका वेळ आपण जागे तितका झोपेचा दाब वाढत जातो, मेंदूत ॲडेनोसिन नावाचं पेंग आणणारं रसायन साठत जातं (कॉफी त्याचीच जागा अडवते आणि साधारण पाच तासांनीसुद्धा अर्धं कॅफिन अंगात असतं, म्हणून दुपारनंतर नको). मी दहालाच आडवं होऊन आणि सुट्टीला लोळून तो दाब पातळ करत होतो. स्पीलमनचंच अजून एक म्हणणं मला फार पटलं, की निद्रानाश सुरू कशाने झाला आणि तो टिकून कशाने राहिला या दोन वेगळ्या गोष्टी. माझा सुरू झाला प्रोजेक्टमुळे. टिकवला मी, लवकर पडून, उशिरा उठून, घड्याळ बघून, आईच्या गोळ्या चोरून. प्रत्येक उपाय मी झोप यावी म्हणूनच केला होता बरं का.

दुसरा नियम याच्या जोडीला, पलंग फक्त झोपेसाठी (आणि सेक्ससाठी, थेरपिस्टने हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं). झोप येत नाहीये, चिडचिड सुरू झाली असं वाटलं की उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत यायचं. साधारण वीस मिनिटं म्हणतात पण ती पण अंदाजाने, घड्याळ नाही. ही पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाची, १९७२ ची. यामागचं कारण त्याने मला एका प्रश्नातून दाखवलं, सोफ्यावर टीव्ही बघताना झोप लागते का? लागते की, साडेनऊला मान पडते. आणि उठून पलंगावर गेलं की? टक्क. म्हणजे झोप यंत्रणा चांगली होती, माझ्या मेंदूने पलंगाचा आणि तळमळीचा संबंध जोडून ठेवला होता, दीड वर्ष रोज प्रॅक्टिस करून.

पहिला आठवडा गेला जेमतेम. दुसरा आठवडा, काय सांगू. रात्री बारापर्यंत जागं राहणं हेच सगळ्यात अवघड निघालं, ज्या माणसाला दोन वाजता झोप येत नव्हती त्याला आता सव्वादहाला उभ्या उभ्या पेंग यायला लागली. सोफ्यावर बसायची पण भीती. मी घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मग खिळे-स्क्रूचा डबा साइझप्रमाणे लावला, मग घड्या मोडून परत घातल्या. दिवसा डोकं जड, चिडचिड, एका मेलमध्ये तीन चुका. गाडी चालवू नका असं आधीच बजावलं होतं, आणि खरंच ऐका हे, मी तेवढे दिवस बसने गेलो. ड्रायव्हर, उंचावर किंवा मशीनवर काम करणारे, फिट येणारे, बायपोलर असलेले, यांनी हे मनाने घरी करू नये. आणि पलंगावरचा वेळ पाच तासांच्या खाली नेत नाहीत, कुणी उत्साहात चार वगैरे करू नका.

आणि इथेच तो एक स्टार कापलाय मी. दुसऱ्या आठवड्यात मधे फोन करू म्हणाले होते, कुणी केला नाही. मी केला तर रिसेप्शनवरून उत्तर, पुढच्या सेशनला विचारा. त्या तीन दिवसांत मी सोडूनच देणार होतो. माझ्याबरोबर सुरू केलेली एक बाई खरंच सोडून गेली असं नंतर कळलं. ही ट्रीटमेंट नेमकी ज्या ठिकाणी माणसाला तोडते तिथेच हात सोडायचा म्हणजे काय. शिवाय अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा मेसेज रात्री सव्वाअकराला येतो, झोपेच्या क्लिनिकमधून! पहिली अपॉइंटमेंट दिली सकाळी साडेआठची, रात्रभर न झोपलेल्या माणसाला. वेटिंग रूममध्ये टीव्ही फुल आवाजात. रिलॅक्सेशनची ऑडिओ फाइल दिली त्यातला आवाज रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा, दोनदा ऐकली आणि डिलीट केली. संध्याकाळी काळजीसाठी वेगळा अर्धा तास ठेवायचा, सगळ्या चिंता वहीत लिहून काढायच्या, हे पण मला नाही जमलं, मी वही घेऊन बसलो की एक चिंता आठवेल तर शपथ. ज्यांना उपयोग होतो त्यांना होतो म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात मात्र बदल दिसला. साडेबाराला पडलो की गेलो, आणि मधली जाग आली तरी परत झोप. एफिशियन्सी ८८ आली. त्या दिवशी प्रत्यक्षात झोप होती फक्त चार तास पन्नास मिनिटं, म्हणजे आधीपेक्षा कमी, पण सलग, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी थेरपिस्टला विचारलं आकडा चुकला नाही ना. ८५ च्या वर गेलं की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ असेल तर तसंच, ८० च्या खाली तर परत कमी, असा त्यांचा हिशोब. मधे एक आठवडा ८२ वर अडकलो, पाहुणे होते घरात.

आठव्या आठवड्याअखेर साडेअकरा ते सहा. साडेसहा तासांत सहा तास झोप. आता हे नीट वाचा, कारण मी जाताना आठ तासांची अपेक्षा घेऊन गेलो होतो: दोन महिन्यांत माझी एकूण झोप वाढली फक्त अर्ध्या तासाने. पण पलंगावरचं जागरण साडेतीन तासांवरून अर्ध्या तासावर आलं. निद्रानाशाच्या त्या सात प्रश्नांच्या कागदावर १९ चे ८ झाले. ७ पर्यंत म्हणजे त्रास नाही, म्हणजे मी अजून रेषेच्या एक मार्क बाहेर आहे. वाईट रात्री येतात, महिन्यात तीन-चार. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी मी लवकर पडून भरपाई करायला जात नाही, त्यामुळे एका रात्रीच्या चार होत नाहीत. रात्रीत एक-दोनदा जाग येणं तर सगळ्यांनाच असतं, झोप साधारण दीड-दीड तासाच्या चक्रात चालते आणि मधे पृष्ठभागावर येते, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

गोळ्यांबद्दल. मी डॉक्टर मॅडमना आईच्या अर्ध्या गोळीचं सांगितलं तेव्हा त्या चांगल्याच चिडल्या, दुसऱ्याची गोळी घेतली म्हणून. पण त्या गोळ्यांच्या विरोधात नाहीत, थोड्या दिवसांसाठी, कारण असेल तर देतात. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने स्पष्ट लिहिलंय की जुनाट निद्रानाशात सगळ्या प्रौढांना आधी सीबीटी-आय द्या, गोळीचा विचार त्यानंतर. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांवर तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१९ मध्ये सगळ्यात कडक इशारा टाकला, झोपेत उठून चालणं, गाडी चालवणं असे प्रकार झाले म्हणून. आणि नुसत्या टिप्स, म्हणजे खोली थंड ठेवा मोबाइल ठेवा बाजूला वगैरे, याने जुनाट निद्रानाश सहसा जात नाही, मॅडमच म्हणाल्या, तुम्ही ते सगळं करून आलायत म्हणून तर इथे आहात. मला एवढं बरं वाटलं ते ऐकून, कारण ज्याला सांगावं तो मोबाइलचाच विषय काढायचा.

आईचं पण निघालं यातून. तिची गोळी बेंझोडायझेपाइन गटातली, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या आणि सवय लावणाऱ्या गोळ्यांपैकी, वय सत्तरच्या पुढे, आणि या वयात त्या गोळ्यांनी तोल जाऊन पडायचा, विसरायला व्हायचा धोका वाढतो. मी घरी येऊन जोशात म्हटलं आई उद्यापासून बंद. नशीब आधी मॅडमना मेसेज केला, त्यांनी लगेच उत्तर दिलं की एकदम बंद अजिबात करायची नाही, एवढ्या वर्षांच्या सवयीनंतर झटक्यात सोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते आणि कधी फिट पण येऊ शकते, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची. (लगेच उत्तराबद्दल पाव स्टार परत.) आता तिचं चालू आहे, दर थोड्या आठवड्यांनी थोडी कमी. ती म्हणते तुझ्यामुळे माझी पण झोप मोडलीस. आणि पट्टीतल्या गोळ्या कमी होत होत्या हे तिला पहिल्यापासून माहीत होतं म्हणे, ती मोजून ठेवते, फक्त बोलली नाही.

कुणी जाणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या की आठवड्याच्या मधे अडलं तर कुणाशी बोलायचं, आणि त्या माणसाचा थेट नंबर घ्या. आणि दोन आठवडे असे निवडा की ऑफिसात फार काही महत्त्वाचं नाही.

माझा तीन महिन्यांचा फॉलोअप पुढच्या आठवड्यात आहे. मेसेज काल रात्री सव्वाअकरालाच आला, वेळ परत सकाळी साडेआठची. या वेळी बदलून मागितली नाही, सहाला उठलेलाच असतो.